बाबांना ऐकू येतं, ओरडू नका

मागच्या मे महिन्यात बाबांना मेंदूचा झटका (स्ट्रोक) आला. हातपाय शाबूत राहिले. बोलणंही थांबलं नाही, उलट धडाधड बोलत होते, फक्त त्यातला एकही शब्द कळत नव्हता. "टमली" हा त्यांचा आवडता. आम्ही ज्या दवाखान्यात होतो तिथे सांगितलं, "काकाजींना ऐकू येत नाही." झालं! तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या कानाशी ओरडतो आणि बाबा दचकतात. मला फार वाईट वाटतं.

कान तपासून घेतले. ठणठणीत आहेत. एमआरआयमध्ये डाग होता तो मेंदूत, डाव्या कानाच्या वर, थोडा मागे. ही जागा गेली की माणूस ऐकतो पण शब्दांचा अर्थ लागत नाही, हे कार्ल व्हेर्निक या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये लिहून ठेवलंय. त्या काळी माणूस गेल्यावरच मेंदू पाहता यायचा. आता जिवंत माणूस वाक्य ऐकत असतानाच त्याच्या मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते फंक्शनल एमआरआयवर पाहता येतं.

त्यातली एक गोष्ट वाचून मी थबकलेच. ते मशीन शब्द टिपत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतं, आणि हा बदल आवाजानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. शिवाय मशीनचा स्वतःचाच खडखडाट शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. त्यात वाक्य ऐकवणार कसं? म्हणून कित्येक प्रयोगांत मशीन थोडा वेळ गप्प ठेवतात, त्या शांततेत वाक्य ऐकवतात आणि मग चित्र घेतात. उशिरा येणारा बदल तेव्हाही हाती लागतो.

आमच्या घरी खडखडाट कूलरचा. नागपुरात मे महिन्यात तो बंद करायचा म्हणजे जिवावर येतं, पण बाबांशी बोलायचं असलं की आई आता तेच करते. टीव्ही बंद, कूलर बंद. समोर बसते, कप हातात धरते, दोनच शब्द बोलते. "चहा घेता?" मग थांबते. पुन्हा विचारत नाही, आवाज चढवत नाही. सूर त्यांना कळतो, काळजीचा आणि रागाचा फरक चेहऱ्यावर लगेच दिसतो, म्हणून सूरही सांभाळते.

आज सकाळी बाबांनी कपाकडे पाहिलं, मग आईकडे. बराच वेळ गेला. घामाने आईचा पदर भिजला होता.

"टमली," बाबा म्हणाले, आणि हात पुढे केला.