हातोडी खरं बोलते

पूल कुठला ते सांगत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला आहे, गावापासून मैलभर, आणि त्या सकाळपर्यंत त्यावरून स्कूलबस जात होती. वर छप्पर, बाजूंना फळ्या, आत अंधार. लांबून आपल्याकडचा गोठाच वाटावा. लोकांना वाटतं छप्पर घोड्यांसाठी किंवा बर्फासाठी. ते आतल्या कैच्यांसाठी, म्हणजे भार पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यासाठी असतं. हा सांगाडा उघडा पडला की पंधरा-वीस वर्षांत कुजतो, झाकलेला दीडशे वर्षं उभा राहतो.

याची जाळी टाउन पद्धतीची. इथिएल टाउनने 1820 साली तिचं पेटंट घेतलं. तिरक्या फळ्या एकमेकींवरून नेलेल्या, जिथे छेदतात तिथे ओकच्या जाड खुंट्या ठोकलेल्या. भली मोठी तुळई नको, गावच्या सुतारांनाही बांधता यावा असा हिशेब. एक फळी गेली तर भार शेजारणी वाटून घेतात. मला या रचनेचं फार कौतुक. त्या दिवशी कळलं, खोटही तीच: पूल झुकून तक्रार करत नाही.

दर दोन वर्षांनी होते ती तपासणी. माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र, सोबत साठी ओलांडलेले एक सुतार, त्यांच्याकडे हातोडी आणि टोच्या. टोकाच्या खालच्या तुळईवर यंत्राने पंधरा टक्के दाखवले. वीसच्या आत बुरशी धरत नाही, म्हणून मी नोंद करून पुढे सरकलो.

"थांब," म्हणाले. हातोडी मारली. फूटभर अलीकडे टण्ण, इथे ठस. टोच्या लावला तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखा भुगा चिकटलेला. तीन आठवडे पाऊस नव्हता. लाकडाचा वरचा थर वाळला होता आणि यंत्राच्या सुया त्या थराच्या खाली पोचतच नाहीत. हे मला पुस्तकातून माहीत होतं.

कारण काय, तर कचरा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली रेती आणि मीठ गाड्यांच्या चाकांबरोबर पुलात येतं, टोकाशी साचतं, ओल धरून बसतं. 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुराने बार्टन्सव्हिलचा 1870 चा पूल नेला, तेव्हापासून सगळे पुराचंच बोलतात. पुरासाठी बैठका होतात. झाडू मारायला मात्र माणूस नसतो.

संध्याकाळी पूल बंद केला. वळसा अकरा मैलांचा. फळ्या ठोकत होतो तोवर एक बाई गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "परवापर्यंत तर चांगला होता!"

रात्री मागचा अहवाल उघडला. त्याच टोकापुढे 'स्थिती चांगली', खाली सही माझी. फोटोही मीच काढलेला, खुंट्या छान दिसतात म्हणून. मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात, तुळईला टेकून, वीतभर उंचीचा रेतीचा ढीग आहे.