बारावा गडी

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला राखीव खेळाडू म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि कोरडे हातमोजे घेऊन धावत येणारा, आणि तितक्याच लगबगीने परत जाणारा बारावा गडी आपण लहानपणापासून पाहिलेला असतो. गल्लीतल्या सामन्यांत बहुतेकांनी ती भूमिका स्वतः वठवलेलीही असते. अमेरिकन फुटबॉलमधल्या राखीव क्वार्टरबॅकच्या वाट्याला तेवढीही धावपळ येत नाही. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते, त्यामुळे ती जागा सहसा कुणी वाटून घेत नाही. दुसरा असतो तो कडेला टोपी घालून उभा राहतो, आणि तिसऱ्याची तर आठवणही कुणाला येत नाही.

2014 मध्ये कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात असा तिसरा होता कार्डेल जोन्स. क्लीव्हलंडचा, साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, पाठीवर बारा क्रमांक. लोकांना तो ठाऊक होता तो भलत्याच कारणाने. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ट्विटरवर लिहिले होते की आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलो आहोत, शाळा शाळा खेळायला नव्हे, मग वर्गात कशाला बसायचे? मी तेव्हा त्याच विद्यापीठात शिकत होतो आणि शिष्यवृत्तीच्या चिंतेने रात्र रात्र जागत होतो. त्या वाक्याचा मला मनस्वी राग आला होता, आणि थोडा हेवाही वाटला होता.

त्या वर्षी पहिल्या पसंतीच्या ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा ऑगस्टमध्येच, हंगाम सुरू होण्यापूर्वी, निकामी झाला. जे. टी. बॅरेट हा नवखा मुलगा उभा राहिला आणि दुसऱ्याच सामन्यात घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून 35-21 असा हरला. त्या रात्री ज्यांनी त्याला लाखोली वाहिली, तेच नोव्हेंबरपर्यंत त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. मग आला मिशिगनविरुद्धचा सामना. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारली जाते. इतके हे वैर हाडीमाशी मुरलेले आहे. 29 नोव्हेंबरला, शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच, बॅरेटचा घोटा मोडला. लाखाहून अधिक माणसे एकाच वेळी गप्प होतात तेव्हा थंडी जास्त जाणवते, हे मला त्या दिवशी कळले. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या अक्षरावर आम्ही आठवडाभर फुल्या मारल्या होत्या तोच, बॅरेटजवळ येऊन वाकला आणि त्याच्याशी काही बोलला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी गुडघ्यांवरचे पांघरूण नीट चौपदरी घडी केले आणि म्हणाले, “संपलं.” आम्ही सामना 42-28 असा जिंकला, पण घरी परतणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर ते दिसत नव्हते.

पुढच्या शनिवारी, 6 डिसेंबरला, इंडियानापोलिसमध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध बिग टेनचा, म्हणजे आमच्या विद्यापीठगटाचा, अंतिम सामना होता, आणि जोन्स पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता. मी एका परिचितांकडे सत्यनारायणाच्या पूजेला गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पूजेचे आमंत्रण मी आनंदाने स्वीकारले होते. हरणे बघत बसण्यापेक्षा शिरा बरा, असा माझा हिशेब होता. जेवणे चालू असताना तळघरातल्या टीव्हीपाशी गेलेला एकजण वर आला, दुसरा गेला तो आलाच नाही, आणि थोड्या वेळाने सगळे पुरुष हातात ताटे घेऊन जिन्यावर बसले होते. जोन्स फेकत होता ते चेंडू उंच, लांब आणि बेफिकीर होते, आणि डेव्हिन स्मिथ त्यांच्याखाली धावत जाऊन ते अलगद झेलत होता. जोन्सच्या फेकींवर तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपार, आणि तिन्ही त्याच जोडीचे. मध्यंतराला 38-0, शेवटी 59-0. माझा शिरा ताटात थिजून गेला होता.

त्याच वर्षी चार संघांची नवी बाद फेरी सुरू झाली होती आणि त्या निकालामुळे आम्ही तीत चौथे म्हणून शिरलो. 1 जानेवारी 2015 रोजी न्यू ऑर्लिन्सला अग्रमानांकित अलाबामा 42-35, बारा तारखेला टेक्सासमध्ये ओरेगॉन 42-20, आणि राष्ट्रीय विजेतेपद. खरे म्हणजे या दोन सामन्यांत पळून पळून प्रतिपक्षाला घाम फोडला तो एझिकिएल इलियटने, पण शहरभर नाव झाले ते जोन्सचे. सुरुवातीपासून खेळलेल्या तिसऱ्याच सामन्यात एखादा राष्ट्रीय विजेता होतो, ही गोष्ट सांगायलाच फार सोपी आहे.

तेव्हापासून कोलंबसमध्ये मला असा एकही माणूस भेटलेला नाही, ज्याला हे आधी माहीत नव्हते. कुणी सरावात त्याचा हात पाहिला होता, कुणाच्या मेव्हण्याने सांगितले होते. पूजेला आलेल्या मंडळींपैकी निदान चौघे मी “पोरात दम आहे” म्हटल्याची साक्ष देतात. मी तसे म्हटले नव्हते, पण त्यांना कधी दुरुस्तही केले नाही. आणि पांघरुणाची घडी करणारे ते गृहस्थ आज कुठे भेटले, तर “संपलं” म्हणालो होतो हे ते मान्य करतील, असे मला वाटत नाही.

ज्याची शाळा शाळा म्हणून थट्टा केली होती, ती पदवी जोन्सने 2017 मध्ये घेतली, आणि पदवीदानाच्या टोपीवर तेच जुने वाक्य मिरवले; माझा राग तिथे विरघळला. विद्यापीठाकडून त्याने सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना संघ हरला नाही. तरीही 2015 च्या हंगामात जागा पुन्हा बॅरेटकडे गेली. त्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध जोन्सचे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाऊ लागले, तेव्हा स्टेडियममध्ये बॅरेटला आणा अशी कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता तिचा ओरडा झाला. ओरडणाऱ्यांत मी होतो. त्या काळी खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेता येत नसे, म्हणून दुकानातल्या जर्सीवर नाव नसायचे, नुसता आकडा असायचा. जानेवारीत रांगेत उभे राहून घेतलेली बारा क्रमांकाची तशी जर्सी तेव्हा माझ्या अंगात होती.