दि मारियाला काढलं तिथंच सामना फिरला

आज विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर पुन्हा २०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल निघाली. अर्जेंटिना २-० वरून ढेपाळली कशी? सगळी फ्रान्सच्या एम्बाप्पेचं नाव घेतात. मला विचाराल तर दुखणं ६४ व्या मिनिटातलं. अर्जेंटिनाचा दि मारिया डावीकडं रेषेला चिकटून होता, म्हणून फ्रान्सच्या बचावातल्या कुंदेला पुढं सरकता येईना. पहिली पेनल्टी दि मारियानंच मिळवली, दुसरा गोलही त्याचाच. त्याच्या जागी आकुन्या, म्हणजे मूळचा बचावाचा गडी. पुढं चेंडू धरून ठेवणारं कुणी उरलंच नाही. मग फ्रान्सचा कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या बचावातल्या ओतामेंदीच्या पुढं निघाला, ओतामेंदीनं त्याला ओढलं, पेनल्टी. लगेच ८१ व्या मिनिटाला फ्रान्सच्या कोमाननं मेस्सीच्या पायातला चेंडू काढला, तुरामनं उचलून दिला, एम्बाप्पेनं हवेतच मारला. कोलो मुआनी आणि तुराम दोघंही ४१ व्या मिनिटाला आलेले! फ्रान्सचा त्यावेळचा कोच देशाँ, त्याला मानलंच पाहिजे.