पाठकोरे

आमच्या ऑफिसात प्रिंटरशेजारी बुटांचा एक रिकामा खोका असतो. त्यावर जाड मार्करने लिहिलंय, ‘पाठकोरे’. अक्षर अकाउंट्समधल्या काकांचं. नव्याने रुजू झालेल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, “हे पाठकोरे सर कुठे बसतात?”

तिचीही चूक नाही. एका बाजूने छापलेल्या, पाठीला कोऱ्या कागदाला तिच्या पिढीत ‘वन साइड’ म्हणतात. आमच्या घरी मात्र वडील ऑफिसातून पाठकोऱ्यांचा गठ्ठा आणायचे आणि आई दाभणाने तो शिवून द्यायची. माझी गणितं एका बाजूला, कुठल्याशा टेंडरचा तपशील दुसऱ्या बाजूला. त्याला तेव्हा कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं, फार तर चिक्कूपणा म्हणत.

काकांचा हिशेब पक्का. ८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, त्यात ए-फोरचे १६ कागद बसतात, म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा. पाचशेची रिम अडीच किलोची. “कांदे असते तर एवढे फेकले असतेत का?” असं ते प्रिंटरपाशी उभं राहून विचारतात. उत्तर कुणाकडेच नसतं.

५ जूनला पर्यावरण दिनाची पोस्टरं लागतात. रंगीत, वर लॅमिनेशन. लिफ्टमध्ये आपण ती वाचतो आणि वर येऊन एसी १८ वर टाकतो. तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं वीज-उपकरणांना तारे देणारी बीईई सांगते. २०२० पासून तारांकित रूम एसी सुरू होतानाच २४ वर असावा, असा नियमही झाला. पण रिमोट शेवटी माणसाच्याच हातात. आमच्याकडे भर मे महिन्यात दोघीजणी शाल घेऊन बसतात आणि रिमोटवाला टाय सैल करत म्हणतो, “आज उकडतंय बुवा!”

तर खोका. पहिलं वर्षभर त्यात कागद पडायचे, निघायचे मात्र फक्त काकांच्या हाताने. सबबी भरपूर होत्या. स्टेपलची पिन राहिली की मशीन अडकतं. ट्रेमध्ये छापील बाजू वर ठेवायची की खाली, हे आजतागायत कुणाला आठवलेलं नाही, त्यामुळे एकदा कोटेशनच्या अंगावर कोटेशन छापून आलं. ते साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग एका संध्याकाळी मी वाण्याची यादी करायला खोक्यातला कागद ओढला. तूरडाळ, गूळ, साबण लिहून झालं आणि सहज पालटला. मागे यंदाच्या पगारवाढीची कच्ची यादी! नावासकट, टक्क्यांसकट. माझं नाव बरंच खाली होतं. साबण मी खोडला.

बातमी दहा मिनिटांत पॅन्ट्रीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, की गोपनीय कागद खोक्यात टाकू नयेत, ते फाडावेत. फर्मानाच्या तीस प्रती काढल्या होत्या, एकाच बाजूने छापून.

पण तेव्हापासून खोका कधी भरलेला दिसत नाही. कागद पडला रे पडला की कुणीतरी उचलतं, आधी पाठपोट नीट वाचतं, आणि मग निराश होऊन त्यावर काम करायला घेतं. काका खूश आहेत. त्यांना वाटतं, पोस्टरचा परिणाम.