मोटर बोलतीय की!

आज सकाळी तापोळ्याला शिवसागर जलाशयाच्या काठावर जेट स्कीच्या ट्रिमचे, म्हणजे गाडीचे नाक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे, बटण मी दहाव्यांदा दाबले, तरी पाण्याचा झोत सोडणारा मागचा नॉझल हलला नाही, म्हणून ट्रिमची मोटर खोलण्यासाठी मी पाना हातात घेतला.

शेजारी बोट धुणाऱ्या काकांनी मला थांबवले, मागच्या बाजूला कान टेकवला आणि पुन्हा बटण दाबायला सांगितले. "मोटर बोलतीय की रं, मग तिला कशाला खोलतोस?" एवढेच ते म्हणाले.

आतून खरोखरच बारीक घरघर येत होती. म्हणजे फ्यूज, बटण आणि १२ व्होल्टची वायरिंग शाबूत होती, आणि दोष मोटरीच्या पुढे, नॉझलपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये किंवा नॉझलच्या सांध्यात होता. केबल सुटी केल्यावर नॉझल हाताने सहज खालीवर झाला. केबल मात्र शिवसागराच्या गाळाने आवरणात घट्ट धरली होती.

आवाजच आला नसता, तर आधी फ्यूज आणि मग कनेक्टरमधला हिरवट गंज पाहायचा, हे मला ठाऊक होते. घाईत ऐकायचेच राहिले. नॉझल वर अडकलेला असेल, तर मागे पर्यटक बसल्यावर गाडीचे नाक पाण्यावर आपटत राहते, ही काळजी मनातून जात नाही.

या केबलची तपासणी तुम्ही किती दिवसांनी करता?