चौदा परिच्छेदांचे नऊ झाले

एम. ए. मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या कवितासंग्रहावर निबंध लिहायचा होता. मर्यादा २००० शब्दांची. पहिला खर्डा २६०० वर गेला. दोन दिवस तो उघडला नाही. मग प्रिंट काढून परिच्छेदांना क्रमांक दिले आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीने एकेकच ओळ लिहिली: हा परिच्छेद काय सिद्ध करतो?

चौदांपैकी चार परिच्छेदांपुढे काहीच लिहिता येईना. तिथे नुसता भावार्थ होता, आणि परीक्षकाने कविता वाचलेल्या असतात. दोन परिच्छेदांत मुद्दा एकच होता. शिवाय सुरुवातीचे जवळपास ४०० शब्द कुसुमाग्रजांच्या चरित्रात गेले होते: नाशिकचं वास्तव्य, १९८७चं ज्ञानपीठ. आम्हा नाशिककरांच्या हातून हे जिव्हाळ्यापोटी होतंच, पण ते सगळं काढलं. संग्रहाचं प्रकाशनवर्ष १९४२ तेवढं ठेवलं, कारण त्यातल्या ‘क्रांतीचा जयजयकार’ या कवितेचा विचार स्वातंत्र्यलढ्याच्या त्या काळाशिवाय करता येत नाही.

खरी अडचण प्रतिपादनात होती. ‘या कवितांत क्रांतीची भावना दिसते’ हे कुणालाही मान्य होईल, म्हणूनच त्यावर निबंध उभा राहत नाही. समासातल्या ओळी सलग वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की जमलेले सगळे परिच्छेद कोण कुणाशी बोलतं याबद्दलच आहेत. पृथ्वी सूर्याशी, कोलंबस समुद्राशी, जमीन आगगाडीशी. नवं विधान असं झालं: लहानाने बलाढ्याला थेट ‘तू’ म्हणणं हा या कवितांच्या आवेशाचा उगम आहे. यावर वाद घालता येतो, म्हणून पुरावा द्यावा लागतो आणि निबंधाला काम मिळतं.

मग क्रम बदलला. खर्ड्यात कविता आठवल्या तशा आल्या होत्या. आता समोरचा काय करतो यावरून लावल्या: सूर्य गप्प राहतो, समुद्र गर्जतो, आगगाडी मात्र उलट उत्तर देते. प्रिंटचे परिच्छेद कात्रीने कापून टेबलावर हलवून पाहिले. स्क्रीनवर वर-खाली करताना असं एकत्र दिसत नाही.

‘अहि-नकुल’ ही साप-मुंगसाच्या झुंजीची कविता मात्र या विधानात बसत नव्हती. तिथे निवेदक लढत दाखवतो, संबोधनाचा आधार नाही. खर्ड्यात ती एका वाक्यात उरकली होती. आता समारोपाच्या आधीचा अख्खा परिच्छेद तिला दिला: विधानाची मर्यादा कुठे आहे, हे तीच कविता दाखवते.

शेवटी छापील पुस्तक घेऊन सार्वजनिक वाचनालयात उद्धृतं पडताळली. दोन चुका निघाल्या. ‘कोलंबस केवळ समुद्राशी बोलतो’ हे माझं वाक्य चूक होतं. शिडं उभारायला तो सोबत्यांना सांगतो आणि मग पुन्हा समुद्राकडे वळतो. ‘केवळ’ खोडून त्या वळणावर चार वाक्यं वाढवली. निबंधातला सर्वांत भक्कम भाग तोच झाला. दुसरी चूक टंकनाची: कवितेत ‘गर्जु दे’ आहे, मी सवयीने ‘गर्जू दे’ लिहिलं होतं. वृत्तासाठी ऱ्हस्व केलेला स्वर शुद्धलेखन तपासताना आपण ‘सुधारतो’ आणि ओळीची लय मोडते. म्हणून उद्धृतं पुस्तकातून अक्षर-अक्षर पाहून उतरवली, आणि त्यानंतर त्यांना हात लावला नाही.