पाडव्याचा पाला

वाईहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत आज शेजारच्या आजींच्या मांडीवर एक ओलं फडकं होतं. पसरणीच्या घाटात गाडी वळली तसं त्यांनी ते जरा उघडून पाहिलं. आत कडुनिंबाच्या डहाळ्या!

"उद्या पाडवा न्हाई का. वर लिंब कुठला? दोनदा लावला दारात. पावसाळ्यात कुजून गेला."

मी वाईत वाढलो. आमच्याकडे लिंब कुणी लावतच नाही, आपला येतो. तो बसमधून न्यावा लागतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अंतर जेमतेम ३०-३२ किमी. पण महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस कोसळतो आणि वाईत हजाराच्याही खाली, कारण ढग पश्चिमेच्या कड्यांवरच रिकामे होतात. लिंबाला कोरडी, पाणी न साचणारी जमीन लागते. वर सदाहरित रान: अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. तेही ठेंगणंच, कारण वारा सुसाट आणि जांभ्यावर मातीचा थर पातळ.

(मधल्या पाचगणीतले ते उंच सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले. पर्यटक मात्र त्यांनाच 'इथलं जंगल' म्हणून फोटो काढतात!)

उतरताना आजींना विचारलं, मग वरून खाली काय नेता? "हिरडा," म्हणाल्या, "लेकीच्या पोरांना खोकल्याला."

तुमच्याकडे पाडव्याचा लिंब दारातच मिळतो, की कुठून आणावा लागतो?